सुट्टे

मानखुर्द, लल्लूभाई कंपाउंड.
लिफ्टच्या खड्ड्यात कचरा, पहिल्या मजल्यावर सोसायटीचं ऑफिस.
संध्याकाळी साडेपाच ते आठ ते आमचं.
एक कॅरम, सतरा पोरं,
आणि थोपटल्याशिवाय न लागणारी ट्यूबलाइट.

मी बेस्टमध्ये कंडक्टर होतो, एकतीस वर्षं.
आता अपूर्णांक शिकवतो.
पाव म्हणजे काय विचारलं
की सगळे एका सुरात वड्याचं नाव घेतात.

फॉर्मवर रकाना होता : इथे का यावंसं वाटलं?
मी लिहिलं, वेळ जात नाही.
खरं कारण त्यात मावलं नसतं.

देवनारहून सुटलेली बस, दिवेलागणीची वेळ.
बाराएक वर्षांचं पोरगं,
एका बाईच्या पर्समध्ये मनगटापर्यंत.
मी ओरडलो. मी तेवढंच केलं.
बाकीचं बसने केलं,
दिवसभर कुणाकुणाची बोलणी खाऊन आलेल्या साठ माणसांनी.
पोरगं ज्याच्यासाठी हात घालायचं
तो मागच्या दाराशी उभा होता.
त्याचं तिकीट मीच फाडलं होतं.
सुट्टे दिले होते त्याने, अगदी मोजून.
पुढच्या स्टॉपला तो निवांत उतरला,
पोराला लोकांनी उतरवलं, कानातून रक्त.
मी डबल बेल दिली.

शुद्धोधन खिल्लारे, वय तेरा.
स्ट्रायकर त्याच्या बोटांत पाण्यासारखा.
ती बोटं बघताना कळतं,
याच्यावर आणखी कोणीतरी मेहनत घेतंय.

तो खाली बसतो, इस्त्रीवाल्याच्या बाकड्यावर,
मांडीवर रुमाल पसरून शेंगा सोलत.
पोरांना नावाने हाक मारतो.
जेवलास का, विचारतो.
कोणाच्या आईचं बीपी वाढलंय, कोणाची फी थकलीय
हे त्याला माझ्याआधी ठाऊक.
आम्हाला दिवाळीची सुट्टी असते, गणपतीची असते,
देणगी थांबली तेव्हा दोन महिने होती.
तो रविवारीसुद्धा येतो.
आमच्याकडे मागच्या वर्षी कॉलेजची नऊ मुलं आली,
सर्टिफिकेट मिळेपर्यंत चांगलं शिकवलं.
मेहजबीन अजून विचारते, प्राची टीचर कधी येणार?
मी म्हणतो, ट्रॅफिक असेल.

तीन दिवस शुद्धोधन नव्हता.
गुरुवारी आला, दारातच थांबला.
बूट नवे,
इतके पांढरे की पोरं गप्प झाली.
सेल्वमने वाकून वास घेतला.
मी काही विचारलं नाही.
नोट कुठून आली हे कंडक्टरने विचारायचं नसतं,
फक्त कुठे जायचंय तेवढं.
"कुठे जायचंय?" निघूनच गेलं तोंडातून.
पोरं हसली. तो नाही.

आठ वाजता कुलूप लावताना मागून आवाज,
"सर, तुमचं."
माझं पाकीट, त्याच्या तळहातावर.
कधी गेलं कळलंच नाही,
मला,
ज्याला गर्दीतला हात न् हात ओळखू यायचा.
न उघडता खिशात टाकलं, मोठ्या मनाने.
त्याचा चेहरा पडला.
मग पुन्हा काढलं आणि मोजलं, मोठ्याने,
दोनशे, पन्नास, वीस, सुट्टे सात.
"बरोबर आहे."
"माहितीय," तो म्हणाला,
आणि जिना उतरला.
खाली डावीकडे बाकडं, उजवीकडे त्याची बिल्डिंग.
वरून दिसत नाही.
नवे बूट वाजतही नाहीत.

रविवारी चावी सेक्रेटरीकडे असते.
म्हणून शनिवारीच कॅरम घरी नेला,
रिक्षावाल्याने वीस जास्त घेतले.
आता जिन्याखालच्या मोकळ्या जागेत मांडलाय.
बाकड्यावरची टरफलं वाऱ्याने इथपर्यंत येतात.
त्याने माझ्याकडे बघून मान हलवली,
एकाच डेपोतले असल्यासारखी.

सोंगट्या लावल्यात. राणी मधोमध.
सेल्वम आला, त्याचा भाऊ आला,
मेहजबीन पावडर सांडतेय.
चौथ्या बाजूला दोघेजण बसायला बघताहेत केव्हाचे.
मी तिथे माझी पिशवी ठेवलीय.